काल कोणाचं काय चुकलं?

सकाळी आठच्या ठोक्याला चीफ बांधावर येऊन उभे राहायचे, आम्हां चौदा माणसांना ओळीत उभं करायचे आणि विचारायचे, "काल कोणाचं काय चुकलं?"

पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा म्हातारा कुणाला तरी पकडायला निघालाय. पण उत्तराची वाट न बघता त्यांनी स्वतःपासूनच सुरुवात केली. "काल मी तीन नंबरच्या तळ्याचं खाद्य चार नंबरला टाकलं. चष्मा घरी ऱ्हायला व्हता. चार नंबरला आज सकाळचं खाद्य द्यायचं न्हाय, सगळ्यांनी ध्यानात ठेवा." मग शेजारच्या माणसाने सांगितलं की त्याने रात्री जाळं धुतलं पण वाळत घातलं नाही. अशी सगळी ओळ व्हायची. जनाबाय म्हणून एक पन्नाशीची बाई होती, तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "काल मी सासूला खरं बोलले." चीफ गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ती चूक न्हाय जनाबाय, तो गुन्हा हाय," आणि सगळा बांध हसला.

माझा नंबर आला की मी म्हणायचे, "काही नाही." रोज काही नाही. बी.एस्सी. झालेली मुलगी, रसायनशास्त्रात फर्स्ट क्लास. माझं काय चुकणार? कप्पाळ माझं.

चीफ गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांचं खरं नाव अनंत भायदे. म्हसळ्याजवळच्या एका गावचे. भातशेतीच्या घरातला हा माणूस नौदलात भरती झाला आणि उभी हयात पाणबुडीवर, टॉर्पेडोच्या खात्यात काढून चीफच्या हुद्द्यावर निवृत्त झाला. गावाकडे आल्यावर लोकांनी त्यांचं 'चीपसायेब' करून टाकलं. मी एकदा आगाऊपणे सांगितलं, की इंग्रजीत 'चीप' म्हणजे स्वस्त. तर म्हणाले, "मग बरोबर हाय की. महाग माणूस ह्या खाजणात कशाला मरायला येईल?" खाजण म्हणजे आमची खाडीकाठची खारी जमीन. दिघीच्या अलीकडे तिथे एका शेठने कोळंबीची सहा तळी खणली होती, आणि चीफ त्या सगळ्याचे सुपरवायझर होते.

पाणबुडी सुटली होती, पण अंगातून गेली नव्हती. साध्या दारातून जाताना ते मान खाली घालायचे. आगरदांड्याच्या फेरीबोटीत मोकळ्या डेकवर जिना चढतानासुद्धा मान खाली. जेवण पाच मिनिटांत उरकायचे, कारण तिकडे मागचा माणूस जागेसाठी उभा असायचा. आणि घरात पितळेचं किंवा तांब्याचं एक भांडं त्यांनी ठेवलं नव्हतं. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचे; त्या माझ्याकडे तक्रार करायच्या, "लग्नातली माझी सगळी भांडी वाटून टाकल्यानी गो. म्हटलं, स्वयंपाकघरात कुठून आला तुमचा टॉर्पेडो? तर म्हणतात, सवय नको. देव तेवढे भांडून वाचवले मी."

माझं सांगते. मी सुधागडातली, पालीपासून आत एक लहानसं गाव. वडील शिक्षक. आमच्या घराण्यात शिकून नोकरीला लागलेली पहिली पिढी त्यांची, त्यामुळे नोकरी म्हणजे सरकारी, हे त्यांचं ठाम गणित. मी परीक्षांना बसावं म्हणून त्यांनी पुस्तकं आणून ठेवली होती आणि मी निघाले खाजणात कोळंबीचं पाणी तपासायला. केवढं भांडण झालं! "सहा महिन्यांत परत येशील," वडील म्हणाले. "आले तर नाव बदलेन," मी म्हणाले. असं तोंड टाकून आलेल्या मुलीला परत जायची सोय नसते. त्यात दुसऱ्याच महिन्यात मी चुकीच्या तळ्याचं हवा देणारं यंत्र बंद केलं आणि अर्ध्या तळ्यातली कोळंबी गुदमरून मेली. मी ते सांगितलं नाही, दुसऱ्या कुणीतरी शोधून काढलं. शेठ म्हणाले, "बाई, आणखी एकदा असं झालं तर पालीची एसटी धरायची." त्या दिवसापासून मी ठरवलंच, की आपलं काही चुकतच नाही.

आमच्या तळ्यांवर एक औषध असायचं. औषध म्हणजे पेरॉक्साइड. पाण्यातला प्राणवायू अचानक उतरला की ते पाण्यात पातळ करून सोडायचं, कोळंबीला तेवढ्यापुरता श्वास मिळतो. निळ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये यायचं, पाण्यासारखं दिसायचं, वास जवळजवळ नाहीच. हे कॅन चीफनी एका वेगळ्या खोलीत ठेवले होते, चावी फक्त त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. रोज सकाळी ते प्रत्येक कॅनला उलटा हात लावून बघायचे, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तसा. त्यांचे नियम तीन. "झाकणाला श्वास असू दे," म्हणजे कॅनच्या मूळच्या झाकणाला बारीक भोक असतं, तेच झाकण वापरायचं. "धातू लावायचा न्हाय," म्हणजे मापायला फक्त प्लॅस्टिकचा जग. आणि तिसरा, ज्यावर ते सर्वांत कडक होते, "उरलेलं परत न्हाय."

ह्या तिसऱ्यावरून मी त्यांच्याशी वाद घातला होता. जगमध्ये अर्धा लिटर उरलं, तर ते परत कॅनमध्ये ओतायचं नाही, भरपूर पाणी घालून सोडून द्यायचं. अहो, चांगलं औषध! आमच्या घरी तळणाचं तेल उरलं की आई परत बरणीत ओतते. डबा पुसून घेते, बोट फिरवून घेते. टाकणं हे आमच्याकडे पाप. चीफ म्हणाले, "तुझ्या आईचं तेल गरीब हाय, बाय. जे देशील ते गप घेतं. हे घेत न्हाय. बाहेरचा कण एक जरी आत गेला, गंजाचा, मातीचा, तांब्याचा, की ह्याच्या पोटात खदखद चालू. वरून कायसुदिक दिसत न्हाय. वस्तू गप हाय म्हणजे शांत हाय, असं समजू नको."

मग दुपारी डबा खाताना त्यांनी मला टॉर्पेडोचं सांगितलं. लोकांना वाटतं टॉर्पेडो म्हणजे नुसता बॉम्ब. पण त्याला पाण्याखालून मैलोन् मैल धावायचं असतं, आणि पाण्याखाली इंजिनाला हवा कुठली? म्हणून काही जुन्या जातींच्या टॉर्पेडोत हवेच्या जागी हेच औषध भरतात. "आपल्या कॅनमधल्याचा थोरला भाऊ," चीफ म्हणाले. "आपलं निम्मं पाणी हाय, तो जवळजवळ निव्वळ. बिघडला तर वाफ आणि प्राणवायू. वाफ फोडते, प्राणवायू जाळतो. जवळचा कपडा, तेलाचा थेंब, काय पण पेटतं. आणि बाजूला बाकीचे टॉर्पेडो दारू भरून निजलेले. आमचे बिछाने त्यांच्याच मध्ये. शत्रू कुठं हाय म्हणून अख्खी पाणबुडी कान लावून बसायची, आणि आम्ही आपले उशाशी हात लावून बघायचो, गरम न्हाय ना."

"भीती नाही वाटायची?" मी विचारलं.

"भीतीची भीती न्हाय वाटायची. विसर पडायची वाटायची. पाणबुडीला खिडकी नसते, बाय. पळायला गल्ली नसते. एकाचं चुकलं की सगळ्यांचं चुकलं." एवढं बोलून डबा धुवायला उठले. मला ते ऐकायला छान वाटलं, आणि मी विसरून गेले.

त्या वर्षी मार्च संपताना मोठी काढणी होती. काढणी म्हणजे तळं रिकामं करून कोळंबी बाहेर काढायची, शेडमध्ये बायकांनी बसून निवडायची, लगेच बर्फात. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून पंचवीस बायका निवडायला आल्या होत्या. शेठ स्वतः हजर, व्यापारी हजर, बर्फाची गाडी दारात. सगळ्यांची धावपळ. आणि नेमकं सकाळी दोन नंबरच्या तळ्याचा प्राणवायू उतरला. चीफ लांबच्या तळ्यावर होते. मी चावी घेऊन औषधाच्या खोलीत गेले. प्लॅस्टिकचा जग जागेवर नाही! इकडेतिकडे बघितलं, तर दाराशी पाण्याच्या हंड्यावर बायकांचा प्यायचा तांब्या ठेवलेला. पितळेचा. उचलला.

औषध तांब्यात पडल्याबरोबर फसफसलं. आणि ऐका आता, रसायनशास्त्राच्या ह्या पदवीधर मुलीच्या मनात काय आलं? माझ्या मनात आलं, अय्या, तांब्या कसा लखलखीत निघाला! चिंच लावून घासल्यासारखा. तांबं लागलं, पितळेतलंसुद्धा, की पेरॉक्साइड फुटतं, हे परीक्षेत मी स्वतः लिहिलं होतं, समीकरणासकट, पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पण परीक्षेतलं पेरॉक्साइड वेगळं आणि हातातलं वेगळं. हातातल्याशी मी आईच्या स्वयंपाकघरातल्यासारखी वागले. लागेल तेवढं बादलीतल्या पाण्यात घातलं, तांब्याच्या तळाशी जे उरलं ते कॅनमध्ये परत ओतलं. मग बघितलं तर कॅनचं झाकण चिरलेलं, थेंब गळत होता. मी दुसऱ्या एका रिकाम्या कॅनचं झाकण आणलं, बिनभोकाचं, आणि दोन्ही हातांनी गच्च आवळलं. वर फडक्याने पुसूनही घेतलं. स्वच्छतेची हौस दांडगी!

तासाभराने मी शेडमध्ये बर्फ वाटत होते. जनाबाय माझा हात धरून म्हणाली, "गो बाय, बोटं पांढरी कशान् झाली? चुना लावलास काय?"

मी बोटांकडे बघितलं. टोकं पांढरीफेक, आणि आता चुरचुरत होती. औषध अंगाला लागलं की कातडी तशी होते. कुठे लागलं? ओतताना. काय ओतलं? कशातून? एकेक गोष्ट डोळ्यांसमोर आली.

मी खोलीत गेले आणि कॅनला उलटा हात लावला. बाकीचे कॅन गार होते. तो कोमट होता.

त्यानंतर वीस मिनिटं मी कुणालाही काही सांगितलं नाही. हे लिहायला मला आजही जड जातं, पण लिहिते. खोलीची मागची भिंत आणि निवडायच्या शेडची भिंत एकच. भिंतीच्या वरच्या अंगाला जाळी. जाळीतून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणाच्या तरी सुनेवरून हसाहशी चालली होती. आणि मी विचार करत होते शेठचा. पालीच्या एसटीचा. वडील दारात उभे असतील आणि काही म्हणणार नाहीत, त्याचा. मी स्वतःला सांगितलं, कोमटच तर आहे, होईल गार. मग वाटलं, झाकण हळूच सैल करू, कुणाला कळणारही नाही. हात झाकणापर्यंत नेला आणि तिथेच थांबला, कारण ते झाकण मधोमध वर फुगलं होतं. मी बाहेर आले. शेडच्या दारापर्यंत गेले, शेठ व्यापाऱ्याशी बोलताना दिसले, परत फिरले. पुन्हा खोलीत. पुन्हा हात. आता कोमट म्हणता येत नव्हतं.

चीफ तळ्याचं पाणी खाडीत सोडायच्या उघाडीपाशी उभे होते. मी धावत गेले.

"चीफ, माझं चुकलं."

"कवा?"

"आज. आत्ता."

"उद्या सकाळपर्यंत थांबली न्हाईस, बरं केलंस. बोल."

मी बोलले. तांब्या, उरलेलं, झाकण, सगळं. मध्ये रडलेसुद्धा. त्यांनी मला एकदाही तोडलं नाही, कपाळाला आठी घातली नाही. फक्त विचारलं, "आता झाकणाला हात लावलास?" "नाही." "शाबास. लावू पण नकोस." आणि निघाले. धावले नाहीत, भरभर चालले. मला म्हणाले, "तू पंपावर. मी हात वर करीन तेवा पाणी सोड."

शेडमध्ये जाऊन ते काय बोलले ते जनाबायने मला नंतर सांगितलं. ओरडले नाहीत. रोज सकाळी ओळीत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "जनाबाय, सगळ्या बाया घेऊन पलीकडच्या बांधावर जायचं. आत्ता. कोळंबी ऱ्हावू दे, चपला ऱ्हावू देत." शेठ म्हणाले, "अहो, गाडी खोळंबलीय—" "शेठ, तुम्ही पण." आणि काय त्या आवाजात होतं देव जाणे, शेठसुद्धा निमूट निघाले.

पंचवीस बायका बांधावरून ओळीने गेल्या, तेव्हा चीफनी पंपाची नळी लांबूनच खिडकीतून आत धरली आणि हात वर केला. मी पाणी सोडलं. कॅनांवर नुसता धबधबा. किती वेळ गेला सांगता येत नाही, दहा मिनिटं असतील. मग आतून दणका आला. ते झाकण छपराचा पत्रा फाडून गेलं. खिडकीतून आणि जाळीतून पांढरी वाफ भस्सकन् बाहेर पडली. खालची लाकडी फळी धुमसायला लागली. चीफ जागचे हलले नाहीत, नळी तशीच धरून उभे. फळी विझली. बाकीचे कॅन शाबूत राहिले. पाणी मात्र त्यांनी ऊन उतरेपर्यंत चालू ठेवलं.

संध्याकाळी आम्ही शेडमध्ये गेलो. जाळीतून उडालेलं औषध निवडायच्या टेबलावर सांडलं होतं. जिथे जनाबाय बसली होती, तिथल्या मेणकापडावर तव्याएवढे डाग. जनाबाय ते बघून खाली बसली.

शेठचा पारा चढला होता. बर्फ वितळला होता, अर्धी काढणी वाया. "कोणी केलं हे?" चीफ माझ्याकडे बघतही नव्हते. मी म्हणाले, "मी केलं." शेठ म्हणाले, "उद्यापासून—"

"शेठ," चीफ मध्ये बोलले. "घालवायची तर घालवा. तुमचं तळं, तुमचा हक्क. पण एक सांगा. इथं पंचवीस बाया व्हत्या, त्यांना बाहेर कोणी काढलं?"

"तुम्ही."

"मी? मला काय सपान पडलं व्हतं? हिनं सांगितलं म्हणून मी काढलं. आज हिला घालवलीत की उद्या जो चुकेल तो सांगायचा न्हाय. मग तुम्ही स्वतः रोज येऊन कॅनांना हात लावून बसा."

शेठनी जाळीतून पलीकडच्या फाटलेल्या पत्र्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जग का नव्हता जागेवर? उद्या दहा जग आणा. भिंतीला खिळे मारून टांगा." नोकरीचं काही बोललेच नाहीत. मी कोपऱ्यात जाऊन ढसाढसा रडले. सुटले म्हणून रडले, आणि ती वीस मिनिटं आठवून रडले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ओळ उभी राहिली. माझा नंबर आला. मी पहिल्यांदाच 'काही नाही' म्हणाले नाही. सगळं सांगितलं, वीस मिनिटांसकट. कुणी हसलं नाही. मग शेजारून जनाबाय म्हणाली, "तांब्या तिथं मीच ठेवला व्हता. हांड्यावर झाकण म्हणून." तिच्या पलीकडचा माणूस म्हणाला, "जग मी नेला व्हता, पाच नंबरला. परत आणायचा ऱ्हायला." आणखी एकजण म्हणाला, "झाकण चिरलंय ते मी परवाच बगितलं व्हतं." बघता बघता माझी एकटीची चूक चौघांत वाटली गेली. चीफ ऐकत होते. रोज स्वतःपासून सुरुवात करणारे चीफ त्या दिवशी शेवटीही काही बोलले नव्हते. जनाबायने विचारलंच, "आणि तुमचं, चीपसायेब?"

"माझं जुनं हाय," ते म्हणाले. "कामाला लागा."

दुपारी मीच त्यांच्याजवळ जाऊन बसले. विचारलं, "तुम्ही माझ्यावर ओरडला कसे नाहीत?"

त्यांनी डबा बाजूला ठेवला. "एकदा ओरडलो व्हतो," म्हणाले.

पाणबुडीवर त्यांच्या हाताखाली बिजू नावाचा एक नाविक होता, केरळचा. कामाला चोख. एकदा त्याच्या हातून टॉर्पेडोतलं तेच औषध थोडं सांडलं. त्याने लगेच येऊन सांगितलं, आणि चीफनी त्याला सगळ्यांसमोर असं झाडलं, आईबापावरून, की तो महिनाभर मान वर करत नव्हता. चीफना वाटलं, बरं झालं, धडा मिळाला. "धडा मिळालाच," चीफ म्हणाले. "सांगायचं न्हाय, हा." काही महिन्यांनी, पाणबुडी धक्क्याला लागलेली असताना, बिजूने तपासणीसाठी काढलेलं औषध नीट न धुतलेल्या भांड्यातून परत टाकीत ओतलं. तेवढंसंच. त्याचं त्याला कळलं. पण सांगायचं कुणाला? चीफना? त्याने एकट्यानेच निस्तरायला बघितलं. दोन तास तो एकटा त्या टॉर्पेडोपाशी हात लावून बसला होता. मग टॉर्पेडोतली औषधाची नळी तडकली. धक्क्याला होते म्हणून माणसं बाहेर पडली, पाणी मारता आलं, सगळे वाचले. बिजूचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. नोकरी गेली.

"चौकशी झाली. साहेबांनी त्याला इचारलं, वेळेवर सांगितलं का न्हाईस? बोलला, भीती वाटली. कोणाची? त्यावर गप. मी तिथंच खुर्चीवर बसलो व्हतो, बाय. त्यानं माझं नाव घेतलान न्हाय." चीफ थांबले. "मी पण घेतलं न्हाय."

त्यांनी डब्याला झाकण लावलं.

"रोज सकाळी उठून मी तुम्हांला सांगतो, खाद्य चुकलं, चष्मा विसरला. सगळं सांगतो, हे सोडून. तू वीस मिनिटांत सांगितलंस. मला बावीस वर्षं झाली."

माझं वय तेव्हा चोवीस. तोंडाला लगाम कधीच नव्हता. म्हणाले, "मग आता सांगा."

"कोणाला? नेव्हीला? तिथं मला आता गेटवरचा ओळखायचा न्हाय."

"बिजूला."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, आता दुसऱ्यांदा ओरडतात. पण डबा उचलून निघून गेले. चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी एका जुन्या सोबत्याकडून बिजूचा पत्ता मिळवल्याचं काकूंकडून कळलं. तो त्याच्या गावी रोपवाटिका चालवत होता, मिरीची आणि जायफळाची रोपं. फोन नंबरही होता. मी म्हटलं, लावा फोन. "हे फोनवर सांगायचं न्हाय," चीफ म्हणाले, आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच रजा टाकली. दहा दिवसांची. निघताना नवा शर्ट घातला होता आणि चेहरा तर असा, की जणू ह्यांनाच कुणी चौकशीला बोलावलंय. काकूंनी मला विचारलं, "कशाला चाललेत गो एवढ्या लांब?" मी म्हटलं, "तेच सांगतील." त्यांनी निघण्याआधी काकूंनाही सांगितलं नव्हतं, इतकं ते आत दडपलेलं होतं.

त्या दहा दिवसांत ओळ मी घेतली. 'काल कोणाचं काय चुकलं' हे विचारायला गंमत वाटते, पण आधी स्वतःचं सांगणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं. कॅनांना हात लावताना मी चीफचाच विचार करायचे. बिजू भेटलाच नाही तर? दारातून हाकलून दिलं तर? सांगा म्हणणारी मी, जाणारे ते. भलतंच काहीतरी करून बसले की काय, असं वाटून मला दोन रात्री जेवण गेलं नाही.

अकराव्या दिवशी आठला पाच कमी असताना चीफ बांधावर हजर. तोच नवा शर्ट, आता चुरगळलेला. एसटीतून थेट आले होते. ओळीसमोर उभे राहिले आणि कुणाला काही न विचारता स्वतःपासून सुरुवात केली. "माझं एक जुनं ऱ्हायलं व्हतं," म्हणाले. चौदा माणसांसमोर त्यांनी सगळं सांगितलं. बिजूला कसं झाडलं, चौकशीत आपण कसे गप्प बसलो, सगळं. एक शब्द मऊ केला नाही. मग म्हणाले, "हे मी आता त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायकापोरांसमोर त्याला सांगून आलो."

जनाबायने विचारलंच, "मग तो काय बोलला?"

"पयला गप ऱ्हायला. मला वाटलं, ओळखलान न्हाय. मग मला खुर्चीत बसवलान, आणि स्वतः उभा ऱ्हावून मला शिव्या घातल्यान. मल्याळीत. अर्धा तास."

"अगो बाय! तुम्हांला कळल्या?"

"एक पण कळली न्हाय." चीफच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "पण सगळ्या बरोबर व्हत्या."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग दम लागला त्याला. खाली बसला. मला इचारलान, जेवलास काय? आणि त्या भाजलेल्या हातांनी मला वाढलान. बायको पुढं आली तर तिला भांड्याला हात लावू दिलान न्हाय."